टर्क्यांचं कुंपण
अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी शेळ्यांसोबत आठ टर्क्या, म्हणजे मोठ्या विलायती कोंबड्या, पाळल्या आणि कुही गावभर माझं हसं झालं. त्या रोज शेजारच्या मैनाबाईच्या तुरीत शिरायच्या. मी काटेरी तार ताणली, तर टर्क्या खालून सटकल्या आणि शेळ्याच अडकल्या. बांबूचं कुंपण शेळ्यांनी शिंगं घासून पाडलं. "धड जाळी लाव गा बकाराम, नाही तं एकेकीचा रस्सा शिजवीन!" मैनाबाई गरजली. शेवटी नागपूरहून पुरुषभर उंचीची बारीक जाळी आणली, तिची कड मातीत पुरली. पंधरा दिवस टर्कीचं पीससुद्धा पलीकडे गेलं नाही. सोळाव्या दिवशी मैनाबाई अळ्यांनी पोखरलेल्या शेंगा ओच्यात घेऊन आली. "तुह्या टर्क्या येत होत्या तवा एक अळी नव्हती. काहून कोंडल्या गा?" मी जाळी कापायला पक्कड उचलली. "कापू नको," ती म्हणाली. "फाटक बसव. अन् कडी माह्या बाजूनं!"