खंडेनवमीचं ओव्हरहॉलिंग

कल्लाप्पांनी सायकल इलाही मिस्त्रीच्या दुकानासमोर आपटलीच. "खंडेनवमीला ओव्हरहॉलिंग केलंस का वाट लावलीस? जन्मभर रस्त्याला चिकटून पळणारी लोखंडी गाडी. आता खड्डा आला की मागनं उडती. हँडल हातात ठरत नाही."

मिस्त्रीनं चाकं फिरवली, फ्रेम न्याहाळली, हवा दाबून पाहिली. "अण्णा, कायबी दोष नाही."

"मग मी खोटं बोलतोय व्हय?"

"तसं नव्हं. तुम्ही चालवा, मी मागं बसून बघतो." तो कॅरियरवर बसला.

कल्लाप्पांनी रागानंच पायडल मारलं आणि मोठा खड्डा मुद्दाम गाठला. सायकल अलगद उतरली, अलगद चढली. हँडल जरासुद्धा हललं नाही.

भादव्यात बायको गेली, तोवर तिला मागं बसवल्याशिवाय ते कुठंच गेले नव्हते. त्यानंतर सायकल बाहेर काढली ती थेट ओव्हरहॉलिंगलाच.

"बघा, लोण्यावानी पळतीया," मागून मिस्त्री म्हणाला.

कल्लाप्पांनी करकचून ब्रेक दाबला.

"उतर खाली," ते म्हणाले. "ती काय तुझी जागा हाय?"