नैराश्याची बेरीज

अंथरुणातून उठवत नाही म्हणून तिने महिनाभर विनवलं, तेव्हा कुठे नवऱ्याने तिला मनाच्या डॉक्टरांकडे आणलं. नर्सने तिला नैराश्य मोजायची प्रश्नावली दिली, ती नवऱ्याने हिसकावली. “आण इकडे, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.” पेनाने कान कोरत तो वाचू लागला. “‘कशातच रस वाटत नाही?’ आपल्या घरात कसला वाटणार!” ‘रोज’वर खूण. “‘झोप लागत नाही?’ तू रात्रभर मुसमुसल्यावर लागेल कशी?” पुन्हा ‘रोज’. डॉक्टरांनी गुणांची बेरीज केली. “हे कोणी भरलं?” “मीच, अगदी मनापासून.” “मग पेशंट तुम्हीच. प्रकरण गंभीर आहे. ताई, ह्यांना हसतं ठेवा.” “पण डॉक्टर, आजारी मी आहे!” “घरच्यांना असं वाटतंच.” घरी येताच नवऱ्याने घामट मोज्यांसकट पाय तिच्या मांडीवर टाकले. “चेप. आणि हस बघू, औषध आहेस तू माझं.”