खंडेनवमीचा डाग

सुज्ञ वाचकहो, एका थकलेल्या संग्राहकाच्या घरी घडलेला अल्पसा प्रसंग मी आपल्यासमोर नम्रपणे मांडीत आहे.

मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या चंद्रप्रकाश परबांनी आयुष्यभर जमविलेले खिशात ठेवायचे जुने जर्मन चाकू अखेर विक्रीस काढले. आपल्या पश्चात या घरात त्या चाकूंकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, या विचाराने त्यांचे मन विटून गेले होते. पत्नी मालनबाई तर चाकूंच्या त्या पेटीला भंगारच म्हणत.

जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करणाऱ्या, घाटकोपरहून आलेल्या हर्षदने एकेक चाकू उघडून पाहिला. "काका, पाती हलत नाहीत, छाप ठसठशीत आहे, शिंगाच्या मुठीला चीर नाही. पण प्रत्येक पात्यावर हा काळा डाग कसला? गंज खोल गेलाय. भाव निम्माच येणार."

"मुंबईची हवा खाते रे पोलादाला. किती तेल लावलं," चंद्रप्रकाश क्षीण स्वरात म्हणाले.

"हवा कसली," मालनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खंडेनवमीला तुम्ही कारखान्यात मशीन पुजायला जायचात. घरच्या हत्यारांना हळदकुंकू कोण लावणार? मीच लावायचे ओल्या बोटानं, दरवर्षी. दुसऱ्या दिवशी पुसून ठेवायचे. कळलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

चंद्रप्रकाश बराच वेळ त्या डागावरून अंगठा फिरवीत राहिले. मग त्यांनी पेटीचे झाकण लावले.

"हर्षद, तू चहा घेऊन जा. पेटी राहू दे इथंच. नाहीतर हिची पूजा अडायची."

आपण हे लेखन सहृदयतेने वाचलेत, याबद्दल मी ऋणी आहे.
आपला नम्र,
यशवंत गंगाराम तोडणकर, कांदिवली