पोह्यांचा ट्रे

नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात शाळा सुटल्यावर मुलींचा वर्ग भरतो. कबड्डी, वाचन, भाषण असं सगळं चालतं. तो वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला पुण्याहून संस्थेचे साहेब आणि बाई आले. सरपंच सुंदररावांनी त्यांना थेट आपल्या ओसरीवर बसवलं. पाहुणचाराचं श्रेय ते शाळेला थोडंच देणार! वर्ग घेणाऱ्या सत्यशीला मॅडमनी सगळ्यात बोलकी मुलगी, मनिषा, पुढे केली. सरपंचीणबाईंनी तिच्या हाती पोह्यांचा ट्रे दिला.

“नाव काय, बाळ? घरी कोण कोण असतं?” पुण्याच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं.

मनिषाने मान खाली घातली.

“काय काय येतं तुला?”

“काईच न्हाई.”

“कबड्डी?”

“न्हाई.”

“बरं, चार ओळी वाच.”

मनिषाने पुस्तक उलटं धरलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मॅडमनी मनिषाला दंडाला धरून अंगणात ओढलं.

“कावून गं? काल भाषणात ऊसतोडीच्या मुकादमाची बोलती बंद केलीस, अन् आज मुकी? वर्ग बंद करतील की ते!”

मनिषाने ओसरीवरच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, मागल्या दिवाळीत आपल्या वर्गातल्या वैष्णवीनं असंच ट्रे घेऊन पाव्हण्यांना समदं नीट सांगितलं व्हतं. आता ती नवऱ्यासंगं ऊस तोडती. मला नापसंत केलं न्हवं?”