आनंदपट्टी

भाऊबीजेला केतकी माहेरी आली ती खिदळतच. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणून ती ताट घेऊन गच्चीत गेली. भाऊ श्रावणात गेला होता, आणि हिला चंद्रकोर बघून हसू आवरत नव्हतं. कानामागे दुःख शोषणारी आनंदपट्टी चिकटवलेली.

"वहिनी, तूही लाव ना. सणात मन जपायचं असतं. अख्ख्या सोसायटीने लावलीय."

वसुधा तिच्या मागोमाग वर आली होती. खालच्या अंगणातूनही तसलंच एकसुरी हसू वर येत होतं. तिने नणंदेची पट्टी जळू उपटावी तशी उपटली. ती बोटांना बुळबुळीत लागली. शिसारी येऊन तिने ती भिरकावली.

केतकीचं हसू तुटलं. "दादा गं, वहिनी," म्हणत ती ताट ठेवून रडतच खाली बसली.

"आता आलीस माहेरी," वसुधा म्हणाली आणि पदराला बोटं पुसत तिच्याजवळ बसली.