गार टॉवेल

लेकीचा पाय असा काही उडाला की पाण्याचं भांडं बापाच्या मांडीवर कलंडलं.

तो पलंगाच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे पुसत होता. टॉवेल नुकताच नळाखाली पिळलेला, चांगला गार होता. तो डाव्या तळव्याला लागला मात्र, गुडघा दुमडून पाय सरळ पोटाकडे गेला. सहा आठवडे ओंडक्यासारखा पडून असलेला पाय.  ओल्या पँटनिशीच बापाने बहिणीला फोन लावला.

"ताई, पोरीनं लाथ मारली मला," तो म्हणाला आणि रडायला लागला.

बाप लिफ्ट मेकॅनिक, आणि लेकही तेच. तिला या कामात त्यानेच ओढलं होतं. लोकांनी नावं ठेवली तेव्हा, माझ्यापेक्षा तिचा हात साफ आहे, असं ठणकावून त्याने एकेकाची तोंडं बंद केली होती. ती तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडली तेव्हा तो वर मशीनरूममध्ये पान्हा शोधत होता. पान्हा त्याच्या खिशातच होता. हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

अकराला फिजिओथेरपीच्या बाई आल्या. बाई फटकळ, पण हात मायेचा. बापाने त्यांना चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. आधी टॉवेल लावून दाखवला. पाय उडाला. बाईंचा चेहरा काही फुलला नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "तू उडवलास?"

"नाही," लेक म्हणाली. "बाबांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, काहीतरी झालंय म्हणून."



बाईंनी बापाला खुर्चीवर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "काका, पाय हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो आणि कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली उतरतो. हिची ती वाट पाठीत मध्येच तुटली आहे. पण तुटलं त्याच्या खालचा मज्जारज्जू जिवंत आहे. तळव्याला गार लागलं की वर्दी तिथवर जाते आणि तिथूनच पायाला परस्पर हुकूम सुटतो. मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. उलट, वरून आवरून धरणारं कुणी उरलं नाही, म्हणून तर तो एवढा उसळतो."

"म्हणजे मशीनरूममधून हुकूम नेणारी लाईन तुटलीय," बाप म्हणाला, "आणि लिफ्ट खालच्या खाली आपल्या मनाने पळतेय."

"अगदी तसंच."

इतकं नीट समजलं याचंच त्याला वाईट वाटलं. त्याने विचारलं, "सगळीच तुटलीय का? एखादी तार तरी?"

"ते आज कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण या लाथेवर आशा लावून बसू नका."

बहिणीला पुन्हा फोन करायचा धीर त्याला चार दिवस झाला नाही.

टॉवेल मात्र त्याने सोडला नाही. पाय स्वच्छ राहायला हवेत, असं तो म्हणे. खरं म्हणजे त्याला ती लाथ हवी असायची. निदान खालचं घर जागं आहे एवढी तरी खात्री पटायची. लेक सुरुवातीला थट्टा करायची. "घ्या, झाली माझी हजेरी," म्हणायची. पुढे पुढे तिने थट्टा सोडली. टॉवेल लागायच्या वेळी ती ओठ मिटून पायाकडे टक लावून बघत राहायची. पोर मनातून खचली, असं बापाला वाटे. तो तिची नजर चुकवायचा आणि टॉवेल घेऊन मुकाट्याने मोरीकडे जायचा.

पाचव्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज बाई आल्यावर पुसा."

त्याने कारण विचारलं नाही. हेही तिला नकोसं झालं असणार, असं तो धरून चालला. बाई आल्या. त्याने टॉवेल पिळला आणि डाव्या तळव्याला लावला.

पाय उडाला नाही.

त्याने टॉवेल आणखी दाबला. दोन्ही हातांनी दाबून धरला. काहीच नाही. पाय चादरीवर होता तिथेच राहिला.  तीन महिने एक दिवस न चुकलेली ती लाथ, तेवढीच तर त्याच्या पदरात उरली होती.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "खालचंही गेलं हो. होतं नव्हतं ते सगळं गेलं."

बाई चटकन पुढे आल्या. त्यांनी लेकीच्या मांडीवर हात ठेवला. हात तसाच ठेवून त्या हळूच वर, लेकीच्या तोंडाकडे बघायला लागल्या.  बापाने टॉवेल सोडला नव्हता. मग त्यानेही वर बघितलं.

लेकीच्या कपाळावर घाम डवरला होता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. डोळे पायावर खिळलेले होते आणि दोन्ही मुठींत चादर गच्च धरलेली होती.

"बाबा, टॉवेल काढा ना," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "फार वेळ नाही हो आवरता येत मला."