तंबूला शेपूट

बसा हो, टेका जरा. एका शिंप्याच्या तंबूची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, आणि खोटी वाटली तर मधेच उठून जा, मी काही पाय धरणार नाही.

शिंप्याची जुनी व्हॅन खोकत खोकत जंगलाच्या गेटातून आत आली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दर सुट्टीत हे असंच. दुकानाला कुलूप लावायचं, बायको आणि दोन पोरी गाडीत कोंबायच्या, आणि एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, रस्ता नेईल तिकडं. यंदाचं हे पहिलंच जंगल. पहारेकऱ्यानं तंबूची जागा दाखवली, खाण्याचं सामान गाडीतच ठेवा म्हणून दटावलं, आणि तंबू उभा राहिला तसा हसत सुटला. "काय हो, सर्कस कधी आली?"

हसणारच. तंबू शिंप्यानं स्वतः शिवलेला. सहलीला निघायच्या आधी तो दुकानातलं मशीन भिंतीला सरकवायचा, सगळ्यांना फरशीवर ओळीनं आडवं करायचा, आणि डोक्यापाशी नि पायापाशी खडूनं रेघ मारायचा. एकदा एक गिऱ्हाईक दारातूनच बोंबलत पळालं होतं, अख्खं घर बेशुद्ध पडलंय म्हणून. पोरी वाढतील तशी तंबूला पायाकडं एकेक पट्टी जोडायची. कधी पडद्याचं कापड, कधी छत्रीचं, कधी कुणी न नेलेल्या युनिफॉर्मचं. वर मेण चोळलं की झालं.

"ही निळी पट्टी म्हणजे तू घाटात ओकलीस ते साल," थोरली धाकटीला चिडवायची.

"आणि ही रेघांची, तू माकडाला भिऊन गाडीखाली शिरलीस ते," धाकटी परतफेड करायची.

तंबू ठोकला की सगळ्यांनी एकदा निजून बघायचं, हा नेम. निजले. आणि थोरलीचे पाय घोट्यापर्यंत कनातीच्या बाहेर.

ती उठून बसली. पट्ट्या बोटानं चाचपल्या. शेवटची पट्टी गेल्या सालचीच होती.

"बाबा, यंदा फरशीवर आडवं केलं नाहीत, तेव्हा मला वाटलं नजरेनंच माप घेतलं असेल."

"दुकानात गर्दी होती गं."

"गर्दी?" बायको स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाली. "माशा मारत बसला होतात की."

शिंप्याच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असायची. ती त्यानं काढली, परत टोचली. थोरलीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. सहल संपली की ती परस्पर तिकडंच जाणार होती, तिची बॅग व्हॅनच्या टपावर वेगळी बांधलेली होती.

"पुढच्या साली तू नसणार," तो खाली बघत म्हणाला. "पट्टी जोडली असती तर तेवढ्या जागेत नुसता वारा निजला असता. मला नसतं बघवलं."

"म्हणजे मी आत्ताच गेले?"

थोरली परत आडवी झाली. लहानपणी निजायची तसे गुडघे पोटाशी घेतले, आणि कनातीकडं तोंड करून म्हणाली, "राहू दे. मावते मी."

शिंपी उठला, व्हॅनकडं गेला. दार वाजलं, आणि आतून टर्रकन आवाज आला.

मागच्या सीटचं कव्हर. लाल, वर पिवळी फुलं. तेसुद्धा त्यानंच शिवलेलं. खिडकीकडची बाजू, थोरलीची. त्या जागेपायी दोघी बहिणींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या.

"अहो, सगळा फोम उघडा पडला!" बायको ओरडली.

"पडू दे. धाकटीला खिडकी हवीच होती ना? घे म्हणावं, फोमासकट."

"मला नकोय आता ती," धाकटी पुटपुटली.

उजेड जायच्या आत त्यानं मांडी ठोकून शिवायला घेतलं. दोरा सुईत जाईना, तेव्हा थोरली जवळ आली, ओवून दिला, आणि शेजारीच बसली. टाके पटापट पडायला लागले. बायकोनं कापडाचं टोक उचलून बघितलं.

"एवढं मोठं कापलंत? आता काय आणखी वाढायचीय का ती?"

शिंप्यानं दोरा दातानं तोडला. "येताना एकटीच येईल, असं कुठं लिहिलंय?"

"बाबा!" थोरली ओरडली. धाकटी हसून हसून लोळली. मग थोरली तंबूत शिरली, आपल्या जागेवर आडवी झाली, आणि तिनं पाय सरळ केले. पार सरळ, टाचा ताणून.

ती व्हॅन केव्हाच भंगारात गेली. शिंप्याच्यानं आता लांबचा प्रवास होत नाही. तंबू थोरलीकडं असतो, आणि सुट्ट्या लागल्या की अजून जंगलं फिरतो म्हणे. तर तुम्ही कधी तिकडं गेलात, आणि एखाद्या तंबूला लाल कापडाचं, पिवळ्या फुलांचं शेपूट दिसलं, तर हसू नका. जरा खाली वाकून तेवढं बघा, कुणाचे बारके पाय बाहेर येतायत का. येत असले तर मला नका सांगू, शिंप्याला जाऊन सांगा. सुई अजून त्याच्या कॉलरलाच असते.